ओढीची नळी

अण्णाप्पा मिस्त्रींच्या डाव्या हाताची करंगळी कायम स्वच्छ असायची. बाकीची नऊ बोटं कुठल्याही मिस्त्र्याची असतात तशीच, नखांत काळं आणि भेगांत ग्रीस. ही एकटी मात्र आत्ताच आंघोळ करून आल्यासारखी. पाना धरताना, नट सोडवताना, तेलात हात घालताना ते तिला बाजूला उभी ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. एवढा दांडगा माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज चार घरं ओलांडून जाणारा, आणि करंगळी अशी नाजूक धरलेली. मी विचारलंच. म्हणाले, "हिला दुसरं काम न्हाय बाई. ही फकस्त ओढ बघती."

ओढ हा त्यांचा खास शब्द. चालू इंजिन आत हवा खेचत असतं, आणि त्या खेचण्याच्या जोरावर गाडीतली दोन-चार कामं परस्पर होत असतात. ब्रेकवरचा पाय हलका पडतो तोही त्याच जोरावर. त्यासाठी इंजिनापासून बारीक-जाड रबरी नळ्या निघालेल्या असतात. इतर मिस्त्री त्यांना 'व्ह्याकमचा पाइप' म्हणतात, अण्णाप्पा 'ओढीची नळी' म्हणत. जुन्या गाडीत हे रबर कडक होतं, चिरतं, चिरेतून भलतीकडची हवा आत शिरते आणि गाडीची तब्येत बिघडते. गंमत अशी की हा आजार डोळ्यांना दिसत नाही. तेल गळलं तर जमिनीवर डाग पडतो. हवा गळली तर कुठं शोधणार?

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं दाबाचा धडा शिकवलेला. समोरच्याचं चुकलं की दुरुस्त केल्याशिवाय मला अन्न पचत नाही, ही माझी जुनी खोड. मी लगेच म्हटलं, "अण्णाप्पा, निर्वात काही ओढत नसतं. बाहेरची हवा आत ढकलते. ओढ नाही, दाब म्हणायचं."

त्यांनी चालू इंजिनावरून एक नळी उपसली आणि माझ्यापुढं धरली. "अंगठा लावा."

लावला. अंगठा चटकन चिकटला, आणि सोडवताना चांगला जोर लावावा लागला.

"आता सांगा. कोण ढकललं का कोण ओढलं?"

शास्त्र माझ्या बाजूनं होतं, अंगठा त्यांच्या. आमचा हा वाद पुढं अनेक वर्षं चालला आणि तो मी एकदाही जिंकले नाही.

त्यांच्याकडं मी गेले ती वडिलांची गाडी घेऊन. जुनी पेट्रोल गाडी, वडील गेल्यावर भावानं 'भंगारात घाल' म्हटलं म्हणून मी हट्टानं ठेवलेली. ती उभ्या जागी हुंदके द्यायची आणि सिग्नलला हमखास बंद पडायची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. कुणी प्लग बदलले, कुणी कार्बोरेटर धुतला, एकानं 'बाई, दुसरी घ्या' असा सल्लाही दिला. मग कुणीतरी उचगावच्या रस्त्यावरच्या या पत्र्याच्या शेडचा पत्ता सांगितला.

शेडीत मदतीला कुणी नव्हतं. अण्णाप्पा आणि त्यांची बायको कल्लव्वा, जिला सगळे अक्का म्हणत, एवढे दोघंच. अक्का इरकली लुगड्याचा पदर खोचून गाडीत चालकाच्या जागी बसायच्या. त्यांचं काम पायाचं. अण्णाप्पा बॉनेटखाली डोकं घालून "दाब गं" म्हणाले की त्या दाबायच्या, "सोड" म्हणाले की सोडायच्या. त्या गाडी चालवायला कधी शिकल्या नव्हत्या, पण कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांचे ब्रेक त्यांच्या पायाला जेवढे ठाऊक होते तेवढे कुठल्या ड्रायव्हरला नसतील.

मी आजार सांगायला लागले. प्लग, कार्बोरेटर, सगळा इतिहास. अण्णाप्पांनी हात वर केला.

"बोलू नका पावणं, मी ऐकाय लागलोय."

हातभर रबरी नळीचा तुकडा त्यांनी एका टोकानं कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनावरून सावकाश फिरवायला सुरुवात केली, डॉक्टर छातीवरून फिरवतात तसं. डोळे मिटलेले. इंजिनाचा धडधडाट, पंख्याची घरघर, पट्ट्याची किरकिर, या सगळ्या गोंगाटातून त्यांना एक बारीक शीळ शोधायची होती. एका जागी हात थांबला. थुंकीनं ओली केलेली करंगळी नळीच्या खालच्या अंगाला गेली. मग त्यांनी ती नळी चिमटीत दाबली. हुंदके थांबले. इतके महिने रडणारी गाडी एका चिमटीत गप्प झाली.

"त्वांड चिरलंय नळीचं. खालनं. वरनं बघून जलमभर दिसायचं न्हाय."

त्यांनी नळीचं इंचभर टोक कापलं, उरलेली परत दाबून बसवली आणि कापलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. नवीन काहीही बसवलं नाही. मी तो तुकडा वर्गात नेऊन मुलांना दाखवला. केसाएवढी चीर होती. ती कानानं कशी सापडली हे मला मुलांना समजावून सांगता आलं नाही.

त्यांची शेड आधी शाहूपुरीत होती, भर पेठेत. गिऱ्हाईक रांगेत उभं असायचं. ती सोडून ते उचगावकडं आले, कारण शाहूपुरीत हॉर्न फार. माणसं मोठ्या जागेसाठी दुकान हलवतात, हे शांततेसाठी हलले. इथंही शेडीत रेडिओ नाही, मोबाइलचा आवाज बंद, आणि कुणी मोठ्यानं जांभई दिली तरी अण्णाप्पा वळून बघायचे. स्वतःचा आवाज मात्र त्या नियमाला अपवाद होता. "आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा," असं ते ज्याला-त्याला ओरडून सांगत.

एकदा माझ्यासमोर गारगोटीचा बापू जीपवाला आला. डिझेलची जुनी जीप, रोज घाटातून माणसं नेआण करणारी. त्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघाला होता. जीप शेडीपुढं उभी, वऱ्हाड उसाच्या रसाच्या गाड्यावर, आणि हा घाईत. ब्रेकचा पाय जड लागतोय म्हणाला. दोन दिवसांपूर्वी कुठंतरी नळ्या बदलून घेतल्या होत्या.

अक्का बसल्या, दाबलं आणि एवढंच म्हणाल्या, "धोंडा हाय."

अण्णाप्पांनी किल्ली काढली आणि सरळ आपल्या खिशात टाकली.

बापू चिडला. "आवो मिस्त्री, वऱ्हाड खोळंबलंय. चालतंय की."

"थांबत न्हाय त्येला चालतंय म्हणू न्हाय."

डिझेलच्या इंजिनाला स्वतःची ओढ नसते, तिच्यासाठी वेगळा पंप असतो. त्या पंपाच्या नळीत एक छोटी गुंडी असते, हवा एकाच दिशेला जाऊ देणारी. अण्णाप्पांनी ती काढली, तोंडाला लावली, एका बाजूनं ओढून पाहिली, मग दुसऱ्या. ज्यानं नळ्या बदलल्या होत्या त्यानं ती उलटी बसवली होती. सुलटी करायला पाच मिनिटं लागली. अक्कांनी पुन्हा दाबलं आणि "लोणी" म्हणाल्या. बापू किल्ली घेऊन गेला. घाटातून उतरताना त्या जीपमध्ये किती माणसं असतात हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. अण्णाप्पा हात पुसत म्हणाले, "त्यो शिव्या घालंल संध्याकाळपत्तूर. घालू दे."

मला या माणसाचं भारी कौतुक वाटायचं, पण धाक त्याहून जास्त वाटायचा. ज्ञान मी बरंच पाहिलं होतं, पदव्यांसकट पाहिलं होतं. पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी इतकी सहज खिशात टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता त्यांच्या चुकीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय अण्णाप्पा पुरते कळायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी मला गारगोटीला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी गाडी दाखवायला नेली. अण्णाप्पांनी नळी कानाला लावली, डोळे मिटले, सगळीकडं फिरवली. "शीळ न्हाय. बिनघोर जावा."

अक्का चालकाच्या जागेवरून म्हणाल्या, "पायाला जड लागतंय वो."

"तुझा पाय म्हातारा झालाय," अण्णाप्पा म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. अक्कांचं हसू जरा उशिरा आलं, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी गारगोटीच्या अलीकडच्या उताराला ब्रेकचा पाय अचानक दगड झाला. मी दोन्ही पायांनी दाबला. पुढं वळणावर सायकलवरून दोन शाळकरी मुली चालल्या होत्या, डबलसीट, गप्पा मारत. मी हँडब्रेक ओढला, हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी कडेच्या चरात घातली. ती मुलींपासून हातभर अंतरावर थांबली. मागची पोरगी वळून मला म्हणाली, "काय वो बाई, दिसत न्हाय व्हय?" आणि त्या निघून गेल्या.

गाडी ओढून उचगावला आणली. मी रागात नव्हते, घाबरलेलीच होते. अण्णाप्पांना जेवढं घडलं तेवढं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नळी घेतली. अक्का जागेवर बसल्या, इंजिन चालू झालं.

आणि मला ती शीळ ऐकू आली. दोन पावलांवर उभी होते मी, कानाला काहीही न लावता. स्स्स, सरळ, न थांबणारी. ब्रेकच्या जाड नळीतून येत होती. अण्णाप्पा त्याच नळीवरून तुकड्याचं टोक फिरवत होते, डोळे मिटून, अगदी नेहमीच्या तन्मयतेनं.

"न्हाय," ते म्हणाले. "हितं काय न्हाय."

मी काचेतून अक्कांकडं पाहिलं. अक्का माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनाही ऐकू येत होतं.

अण्णाप्पांनी डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग काचेपलीकडं अक्कांना. आमच्या चेहऱ्यांवर त्यांनी काय वाचलं कोण जाणे. सावकाश करंगळी ओली केली आणि नळीवरून फिरवत नेली. एका जागी करंगळी ओढली गेली. मला ते दिसलं.

"बाई, तुम्हास्नी ऐकू येतंय?"

"येतंय," मी म्हटलं.

त्यांनी हात केला, अक्कांनी इंजिन बंद केलं. "आणि तुला? कवापासनं ठावं हाय?"

अक्का खाली उतरल्या. "दोन वर्सं झाली असतील. कुकर फुसफुसाय लागला की शिट्टीच्या आदी उठून तुम्ही ग्यास बारीक करायचा. आता शिट्टी झाली तरी उठत न्हाई."

"मग सांगायचं न्हवं?"

"सांगतेय की. रोज सांगतेय. जड लागतंय म्हटलं, की माझा पाय म्हातारा." मग माझ्याकडं वळून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "कान गेला म्हणून ह्यांस्नी कुठल्या तोंडानं सांगू बाई? दुसरं हाय काय आमच्याजवळ?"

माझ्यातली शिक्षिका तशातही जागी झाली. मी समजावलं की गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलं की बारीक, टोकदार आवाज आधी जातात. माणसांचं बोलणं नीट ऐकू येत राहतं, त्यामुळं कुणाला पत्ता लागत नाही. अण्णाप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना माझं सगळं बोलणं ऐकू येत होतं. फक्त ज्या एका आवाजावर आयुष्य काढलं तोच नेमका गेला होता.

"पोरींची नावं काय?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हती.

त्या दिवशी त्यांनी नळी बदलली, अक्कांना तीनदा ब्रेक दाबायला लावला, आणि प्रत्येक वेळी "कसं हाय?" असं विचारलं. एरवी ते विचारत नसत. मग शेडीला साखळी लावली. ती बरेच दिवस तशीच होती.

मला चैन पडेना. मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं, कानात यंत्र बसवलं. आठवड्यानं ते काढून खिशात ठेवलेलं दिसलं. म्हणाले, "पंखा ऐकू येतोय, पाखरं ऐकू येत्यात, हायवेचा हॉर्न ऐकू येतोय. सगळंच एकदम. त्यातनं माझं कुठलं उचलू?" मग मी ओढ मोजायचं काट्याचं गेज मागवलं. ते लावून पाहिल्यावर म्हणाले, "चांगलं हाय. ओढ कमी पडली म्हणून काटा सांगतोय. चीर कुठं ती सांगत न्हाय." माझं सगळं शास्त्र दोन भेटींत संपलं. मी मनात म्हटलं, हा माणूस आता शेड उघडायचा नाही.

शेड उघडली, आणि कशी उघडली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गेल्या दिवाळीनंतर मी मुलीकडं राहायला जाणार होते. वडिलांची गाडी तिलाच द्यायची ठरली होती. नेण्याआधी शेवटची दाखवावी म्हणून उचगावला गेले, तर दारात बापूची जीप. बापू वैतागून बाहेरच उभा होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मिस्त्री म्हंत्यात, माझा कान गेलाय, ऐकणारी ती हाय, चालत आसंल तर गाडी लाव. येणाऱ्या परत्येकाला आसंच सांगत्यात म्हणं. दोघं-तिघं तर ऐकून माघारी गेलं."

"आणि तुम्ही?"

बापू वळला. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "मिस्त्री, खरंच अक्का बघणार व्हय?"

"थांबायचं हाय न्हवं तुला?" आतून आवाज आला. "मग लाव हिकडं."

बापूनं जीप आत लावली.

जरा वेळानं मी आत पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिले. जीपमध्ये चालकाच्या जागी अण्णाप्पा बसले होते. चाळीस वर्षं ज्या माणसानं बॉनेटखाली दुसऱ्या कुणाचा हात शिरू दिला नाही, तो दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून, काचेतून समोर बघत होता. बॉनेटखाली अक्का होत्या. पदर खोचलेला, कानाला तोच रबरी तुकडा, डोळे मिटलेले. हात कोपरापर्यंत काळे झालेले. डाव्या हाताची करंगळी तेवढी स्वच्छ, बाजूला उभी धरलेली.

असं मोठेपण मी पुस्तकात वाचलं होतं, समोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हुशारीपुढं मान लवायची मला सवय होती. हा माणूस आपली हुशारी संपल्याचं दारात उभं राहून ज्याला-त्याला सांगत होता, आणि मग मुकाट जाऊन बायकोच्या जागेवर बसत होता. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांच्या वादात कधी नाही ते मला वाटलं, की ओढ हाच शब्द बरोबर आहे.

बापू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला राहवेना. "परवा घाटात बी जरा जड वाटलं, मी म्हटलं थंडीमुळं आसंल, माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं बी आसंच..."

अण्णाप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"बोलू नका पावणं. ती ऐकाय लागलीया."

बापू गप्प झाला. मीही श्वास धरला. अक्कांचा हात एका जागी थांबला, करंगळी ओठांना लागली आणि खाली गेली.

"दाबा," अक्का म्हणाल्या, आणि अण्णाप्पांनी दाबलं.